मेंदूची रेघ आणि आपल्या मुलींचा प्रश्न

(संस्थेच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावामागे 'डॉक्टर' असे छापले गेले आहे. ती चूक प्रथम दुरुस्त करतो. मी डॉक्टर नाही. मी याच जिल्ह्यातील एका रुग्णालयात ई.ई.जी. काढणारा तंत्रज्ञ होतो. माणसाच्या डोक्याला बारीक तारा लावायच्या, मेंदूतून येणारी विजेची रेघ कागदावर उतरवायची आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवायचा, एवढेच माझे काम. सारा जन्म त्यात गेला. तेव्हा मी जे बोलणार आहे ते कामगाराचे बोलणे समजावे.

माझ्या उमेदीच्या काळात ई.ई.जी. यंत्र म्हणजे लोखंडी कपाटाएवढे धूड होते. त्याच्या शाईच्या लेखण्या एकाच वेळी थरथरत आणि खालून कागद सेकंदाला ३ सेंटिमीटर या वेगाने पळत असे. वीस मिनिटांची नोंद घेतली की ३६ मीटर कागद होई. आर्वी, कारंजा, समुद्रपूरकडचे लोक फिट येणाऱ्या पोराला घेऊन येत. बहुतेक आधी भगताकडे जाऊन आलेले असत. पोराच्या कपाळावर अंगारा असे आणि तो स्पिरिटने पुसल्याशिवाय इलेक्ट्रोड चिकटत नसे. अंगारा पुसू लागलो की माय माझा हात धरी. तिला समजावण्यात माझी दहा मिनिटे जात. दुसरा प्रश्न ठरलेला असे, 'साहेब, शॉक देता काजी?' मी सांगे, 'बाई, हे यंत्र काही देत नाही, फक्त घेते.' मेंदूची वीज फारच क्षीण असते. कवटीवरून मिळते ती साधारण ५० मायक्रोव्होल्ट. टॉर्चच्या एका सेलचे तीस हजार भाग केले तर त्यातला एक भाग. ती पकडायची म्हणजे जत्रेच्या गोंगाटात कोणी कानात कुजबुजलेले ऐकण्यासारखे आहे.

हे सगळे सांगण्याचे कारण आपल्या वसतिगृहातील तीन मुली. अकरावी विज्ञानच्या. एक सेलू तालुक्यातली, एक हिंगणघाटची, एक समुद्रपूरकडची. नावे सांगत नाही, कारण त्या इथेच बसल्या आहेत आणि लाजतात. मागच्या उन्हाळ्यात त्या माझ्या घरी आल्या. एकीच्या मावसभावाने, तो नागपूरला अभियांत्रिकी शिकतो, त्यांना एक छोटे यंत्र वापरायला दिले होते. तळहातावर मावेल एवढी पट्टी, तीन-चार इलेक्ट्रोड, बॅटरीवर चालणारे आणि रेघ लॅपटॉपवर दाखवणारे. मी ते हातात घेऊन पाहिले आणि खरे सांगतो, क्षणभर मला माझ्या त्या लोखंडी कपाटाची कीव आली.

मुलींचा प्रश्न असा होता. शाळांमधून पहिल्या तासापूर्वी दहा मिनिटे आनापान करण्याचा 'मित्र उपक्रम' राज्य शासनाच्या शिक्षण विभागाने विपश्यना विशोधन विन्यासाच्या साहाय्याने २०१० नंतरच्या वर्षांत सुरू केला, हे आपल्याला माहीत आहे. या मुलींनी शाळेत आनापान केलेले आहे. त्यांना पाहायचे होते की त्या दहा मिनिटांत मेंदूत काही बदलते का? कोणत्याही शिक्षकाने हा विषय दिला नव्हता आणि त्याला गुणही नव्हते. प्रश्न त्यांचा स्वतःचा होता. मला सर्वांत आवडले ते हेच.

पहिल्या दिवशी दुपारी बसलो. मे महिना आणि आपला वर्धा, त्यामुळे पंखा पाचवर. रेघ पाहून सेलूची म्हणाली, 'काका, हे तर भूकंपासारखं होऊन राहिलं.' तो भूकंप नव्हता, घरातली वीज होती. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते आणि तिचा गुणगुणाट भिंतीतल्या वायरमधून, लॅपटॉपच्या चार्जरमधून यंत्रात शिरतो. चार्जर काढला. (सुरक्षेसाठीही तो काढलाच पाहिजे. डोक्याला तारा लावलेल्या असताना यंत्र किंवा लॅपटॉप भिंतीच्या विजेला जोडायचा नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावी.) मग पंखा बंद केला, तर पाच मिनिटांत मुलगी घामाने निथळली आणि रेघ संथ वर-खाली झुलू लागली. घामाने कातडीचा विद्युतविरोध बदलतो आणि अशी झुलणारी रेघ येते. पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत असते. ती खरी कळायला वर्ध्याचा मे लागतो. मग ठरले, पहाटे साडेपाचला बसायचे.

पहाटे आल्या तर तिघींच्या डोक्याला चपचपीत तेल आणि घट्ट वेण्या. तेलाच्या थरातून ही वीज येत नाही. आल्या पावली परत पाठवले. दुसऱ्या दिवशी शिकेकाईने केस धुऊन, मोकळे सोडून आल्या, तेव्हा कुठे डोक्याच्या मागच्या बाजूला इलेक्ट्रोड नीट बसला. तेव्हा मला अमेरिकेतली एक हकीकत आठवली, ती आपल्या मुलींसाठी सांगतो. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात आर्नेल एटियेन नावाची कृष्णवर्णीय विद्यार्थिनी पदवीचे शिक्षण घेत होती. ई.ई.जी.च्या टोप्या आणि इलेक्ट्रोड सरळ, विरळ केसांसाठी बनवलेले आहेत. दाट, कुरळ्या केसांत ते कवटीपर्यंत पोहोचत नाहीत. रेघ खराब आली की नोंद बाद होते आणि हळूहळू अशा केसांची माणसेच संशोधनातून गळतात. तिने डोक्याला चिकटून घट्ट विणलेल्या वेण्यांच्या रांगांमधील मोकळ्या जागेत बसणारे चिमट्यांसारखे इलेक्ट्रोड तयार केले. तिच्या गटाचे ते काम २०२० साली पुढे आले. ज्यांनी हे यंत्र आयुष्यभर वापरले त्या माझ्यासारख्यांना ही अडचण दिसली नाही असे नाही. आम्ही 'केस जाड आहेत' असे लिहून मोकळे होत होतो. तिला ती दिसली कारण डोके तिचे होते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. रेघ स्वच्छ आली. हिंगणघाटची डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देऊन बसली. दोन सेकंद झाले असतील नसतील, तोच सेकंदाला दहा वेळा वर-खाली होणाऱ्या सुंदर एकसारख्या लाटा पडद्यावर उमटल्या. बाकीच्या दोघींनी टाळ्याच वाजवल्या. 'काका, ध्यान लागलं!' मी म्हटले, 'बाई, लोक दहा दिवस मौन धरून बसतात, तुझं दोन सेकंदांत लागलं काय?' मग समुद्रपूरची बसली. तिच्याही तशाच लाटा. उठल्यावर ती मान खाली घालून म्हणाली, 'काका, खरं सांगू काय? मी तर आनापान करतच नव्हती. मी घरच्या म्हशीचा विचार करत होती. ती व्यायला आली आहे.'

बंधूंनो, मी त्या मुलीला उठून शाबासकी दिली. तिला माहीत नव्हते, पण सगळ्या संशोधनाचे मर्म तिने एका वाक्यात सांगितले होते. या लाटांना अल्फा म्हणतात, सेकंदाला ८ ते १३. डोळे मिटले, जागे राहिले आणि फारशी खटपट केली नाही की बहुतेक माणसांच्या डोक्याच्या मागच्या भागात त्या येतात. श्वास पाहणाऱ्याच्या येतात, आणि म्हशीचा विचार करणारीच्याही आल्या. तेव्हा ध्यानाला बसलेल्याच्या डोक्यात अल्फा दिसला म्हणजे ध्यानाचा परिणाम दिसला, असे म्हणता येत नाही. आधी नुसते डोळे मिटून बसलेला माणूस शेजारी बसवावा लागतो.

या लाटा शोधणाऱ्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. हान्स बर्गर हे जर्मनीतील येना गावचे मनोविकारतज्ज्ञ. तरुणपणी लष्करात असताना ते घोड्यावरून पडले, थोडक्यात वाचले आणि त्याच दिवशी दूर असलेल्या बहिणीला काहीतरी अशुभ वाटल्याने घरून तार आली. तेव्हापासून त्यांच्या मनाने घेतले की एका मेंदूतून दुसऱ्या मेंदूकडे काही शक्ती जात असली पाहिजे. ती शोधायला म्हणून ते मेंदूकडे वळले. जुलै १९२४ मध्ये त्यांनी माणसाच्या मेंदूची पहिली विद्युत नोंद घेतली. (त्याच जुलैत मुंबईत बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. दोहोंचा काही संबंध नाही, साल लक्षात राहावे म्हणून सांगितले.) पुढे स्वतःच्या मुलाच्या डोक्यावरही त्यांनी अनेक नोंदी घेतल्या. पाच वर्षे शंका काढीत राहिले, हे स्नायूंचे तर नाही, रक्ताच्या नाडीचे तर नाही. १९२९ साली निबंध छापला. जगाने विश्वास ठेवला तो १९३४ साली, केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी स्वतः तीच गोष्ट करून पाहिल्यावर. बर्गर यांना दूरसंवेदन हवे होते. ते सापडले नाही, अल्फा सापडला, आणि त्यांनी जे सापडले ते छापले.

सोबत नेता येणारे यंत्र घेऊन साधकांच्या दारी जाण्याची कल्पनाही नवी नाही. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे बसू कुमार बागची आणि कॅलिफोर्नियाचे वेंगर हे दोघे १९५७ साली असे यंत्र घेऊन भारतभर हिंडले. योगी जिथे भेटेल तिथे नोंद घेत. आपल्या महाराष्ट्रात लोणावळ्याच्या कैवल्यधामातही त्यांनी काम केले. पुढे १९६१ साली दिल्लीच्या आनंद, छिन्ना आणि बलदेव सिंग यांनी समाधीत बसलेल्या चार योग्यांची नोंद प्रसिद्ध केली. समोर प्रखर प्रकाश पाडला, मोठा आवाज केला, गरम काच लावली, तरी त्यांचा अल्फा मोडला नाही. जगभर बोलबाला झाला. १९६६ साली जपानमध्ये कासामात्सु आणि हिराई यांनी झेन भिक्खूंची नोंद प्रसिद्ध केली. ते टकटक असा आवाज पुन्हा पुन्हा करीत. सामान्य माणसाचा मेंदू चार-पाच वेळा दचकतो आणि मग त्या आवाजाला सरावतो. झेन आचार्यांचा मेंदू दर वेळी पहिल्यासारखाच प्रतिसाद देत राहिला. पुस्तकांतून लिहिले जाऊ लागले की हिंदू योगी जगापासून तुटतो आणि बौद्ध भिक्खू प्रत्येक क्षणी जागा राहतो. ऐकायला आपल्याला किती गोड वाटते! मी स्वतः हे वाक्य पूर्वी दोन-तीन सभांतून सांगितले आहे, टाळ्याही घेतल्या आहेत.

पण दोन्ही ठिकाणी तपासलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. १९८१ साली बेकर आणि शपिरो यांनी झेन, योग आणि भावातीत ध्यान करणारे, त्यांच्याबरोबर ध्यान न करणारे अशा सगळ्यांना तोच टकटक आवाज ऐकवला. सगळे सारखेच सरावले. गटागटांत तो फरक मिळाला नाही. म्हणजे ज्या वाक्याला मी टाळ्या घेतल्या ते तपासणीत उभे राहिले नाही. ध्यानाने काहीच होत नाही असा याचा अर्थ कोणी काढू नये. बंगळूरच्या निम्हान्समधील संशोधकांनी २०१८ साली विपश्यनेचे नवखे साधक, जुने साधक आणि आचार्य यांची तुलना प्रसिद्ध केली आणि अनुभवानुसार फरक दिसल्याचे नोंदवले. काम चालू आहे. एवढेच की जे सिद्ध झाले नाही ते सिद्ध झाले म्हणून सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आणि आता मी जरा अप्रिय बोलतो. या मुलींचा प्रकल्प अर्धाही झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. आपल्यातीलच एका ज्येष्ठ बंधूंनी मला गाठले आणि सांगितले, 'स्मरणिकेत पोरींचा लेख घेऊ, मथळा ठेवू, आनापानाने मेंदू बदलतो, वर्ध्याच्या विद्यार्थिनींनी सिद्ध केले.' मी म्हटले, 'अजून मोजलेच नाही.' ते म्हणाले, 'मोजल्यावर दुसरं काय निघणार आहे?' त्यांचा हेतू वाईट नव्हता. समाजाच्या मुलींचे नाव व्हावे असेच त्यांच्या मनात होते. पण आम्ही दोघे त्या दिवशी चहा न पिताच उठलो. ज्या धम्माने 'या आणि पाहा' म्हटले, त्याच्या नावाने पाहण्याआधीच निकाल लिहायचा? केसपुत्तच्या कालामांना बुद्धाने जे सांगितले त्याच्या हे नेमके उलट झाले असते.

आपण म्हणाल, एका शाळकरी प्रकल्पाचे एवढे काय? आपल्या समाजाला तरी असे म्हणून चालणार नाही. डोके मोजणाऱ्यांचा आपल्याला जुना अनुभव आहे. रिस्ले नावाचे इंग्रज अधिकारी होते, १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त. त्यांनी हिंदुस्थानातील लोकांची नाके मोजविली. नाकाच्या रुंदीला लांबीने भागायचे, शंभराने गुणायचे. नाक जितके रुंद तितकी जात खालची, आणि म्हणून जात म्हणजे वंश, असे त्यांनी मांडले. आकडे होते, उपकरण होते, तक्ते होते. सगळे अगदी शास्त्रीय दिसत होते. १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी काय केले? त्यांनी मोजमापाला शिव्या दिल्या नाहीत. डॉ. घुर्ये यांनी मांडलेली नाकांचीच मापे घेतली, प्रांतवार ब्राह्मण आणि अस्पृश्य शेजारी शेजारी ठेवले, आणि दाखवून दिले की याच मापांवर विश्वास ठेवायचा तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ज्या तक्त्याने आपल्याला खाली बसवले तो तक्ता बाबासाहेबांनी नीट वाचला, एवढेच. समुद्रपूरच्या पोरीने म्हैस आठवली ती याच जातीची गोष्ट आहे. शेजारी कोण ठेवायचे, तुलना कशाशी करायची, हे विचारणे.

आज नाकाची जागा मेंदूने घेतली आहे. २०१७ साली आपल्या देशातील एका संशोधक गटाने ४८ वस्त्यांतील ४०२ माणसांचा ई.ई.जी. सोबत नेता येणाऱ्या यंत्राने घेतला, अगदी साध्या खेड्यांपासून शहरांपर्यंत. डोळे मिटल्यावर येणारा हाच अल्फा, आधुनिक सोयींपासून दूर राहणाऱ्या लोकांत फार क्षीण आणि उत्पन्न, सोयी वाढतील तसा ठळक, असे त्यांना आढळले. अभ्यास महत्त्वाचा आहे. मेंदू राहणीमानाने, अनुभवाने घडतो, याकडे त्याचा रोख आहे. पण हाच आकडा उद्या कोणी असा वाचील की गरिबाचा मेंदूच कमी प्रतीचा. असे वाचणारे भेटणार नाहीत असे ज्याला वाटते त्याने रिस्ले आठवावे. त्या वेळी 'थांबा, तुम्ही घर, शाळा, वीज, प्रवास यांचा फरक मोजता आहात, जन्माचा नव्हे' असे म्हणणारी मुले आपल्या घरात लागतील, आणि ज्याने स्वतः कधी इलेक्ट्रोड लावला नाही त्याच्या म्हणण्याला तिथे कोणी विचारीत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या राज्यातलेच आहे आणि जास्त गंभीर आहे. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने विषप्रयोगाने झालेल्या खुनाच्या खटल्यात एका विद्यार्थिनीला जन्मठेप दिली. त्या निकालात इतर पुराव्यांबरोबर मेंदूच्या लहरींच्या चाचणीचाही आधार घेतला होता. आरोपीला टोपी घालून बसवायचे, गुन्ह्यासंबंधीची वाक्ये ऐकवायची आणि तिच्या मेंदूत त्या घटनेची 'अनुभवाची आठवण' आहे की नाही ते संगणकाने सांगायचे. जगभर चर्चा झाली, कारण असा आधार न्यायालयाने घेतल्याचे यापूर्वी ऐकिवात नव्हते. त्याच वर्षी निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने ही पद्धत शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही असे मत दिले. उच्च न्यायालयाने पुढे त्या मुलीला जामीन दिला. ती दोषी की निर्दोष हे सांगणारा मी कोण? पण ज्या लहरींत पंख्याची गुणगुण, घाम आणि पापणीची उघडझाप मिसळते, त्यांच्यावरून जन्मठेप? मी कितीतरी वर्षे ही रेघ पाहिली आहे, मला त्या रात्री झोप आली नाही.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निर्णय दिला की माणसाच्या संमतीवाचून नार्को, पॉलीग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास कोणालाही भाग पाडता येणार नाही, हे संविधानाच्या कलम २० (३) चे संरक्षण त्याला आहे. तो निकाल लिहिणारे सरन्यायाधीश होते के. जी. बालकृष्णन, त्या पदावर पोहोचलेले पहिले दलित न्यायमूर्ती. कलम बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीच्या हातून आलेले. माणसाचे मन त्याच्या परवानगीशिवाय उघडायचे नाही, ही गोष्ट आपल्या संविधानात आहे. म्हणून या मुलींना मी पहिल्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर एक मजकूर लिहायला लावला. ज्याची नोंद घ्यायची त्याची आणि तो लहान असेल तर त्याच्या पालकांची संमती, मधूनच उठून जाण्याची मुभा, आणि नोंदीवर नाव नाही, फक्त क्रमांक. तसेच कोणाची रेघ वेगळी वाटली तरी 'तुला मिरगी आहे' असे बोलायचे नाही. ते काम डॉक्टरांचे.

आता पालकांनी विचारले पाहिजे ते असे की पुढे काय? माझ्याकडे मोठ्या योजना नाहीत. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी १९९३ पासून राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद भरत आली आहे, तीत मुलांनी स्वतःच्या परिसरातील प्रश्नावर प्रकल्प करायचा असतो. वैद्यकीय महाविद्यालयात गेलेल्या मुलांसाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची अल्पकालीन संशोधन विद्यार्थिवृत्ती १९७९ साली सुरू झाली. दोन महिन्यांत स्वतःचा एक प्रश्न तडीला न्यायचा. आपली बरीच मुले डॉक्टर होतात पण अशी वृत्ती मिळवणारी थोडी, कारण अकरावीत असताना प्रश्न विचारण्याची सवय कोणी लावलेली नसते.

यंत्राविषयी दोन शब्द. बाजारात कपाळाला बांधायच्या पट्ट्या मिळतात, त्या मोबाइलवर 'एकाग्रता ७२' असा आकडा दाखवतात. तो आकडा कोणत्या सूत्राने काढला हे कंपनी सांगत नाही. त्यात कपाळावर पापणीची हालचाल सर्वांत मोठी दिसते. त्या आकड्यावर पैसे आणि भरवसा दोन्ही टाकू नये. डोळ्यांवर पट्टी बांधून पोरगा वाचतो असे दाखवून मेंदू 'जागृत' करणारे वर्ग मध्यंतरी गावोगाव निघाले होते, त्यांत आपल्याही काही पालकांचे हजारो रुपये गेले. नाकाजवळच्या फटीतून दिसते, हे शोधायला यंत्रही लागत नव्हते. यंत्र घ्यायचे तर कच्ची रेघ दाखवणारे घ्यावे आणि आधी ती रेघ वाचायला शिकावे. डोळे उघड, मीट, दात आवळ, पापणी हलव, प्रत्येक वेळी काय दिसते ते वहीत काढायचे. या तिघींनी आधी कित्येक सकाळी एवढेच केले. कंटाळल्या, पण आता घाम कुठला आणि मेंदू कुठला हे त्यांना माझ्याइतके कळते.

प्रकल्पाची सध्याची स्थिती अशी आहे. प्रश्न लिहून पाकिटात बंद करून अधीक्षिका ताईंकडे ठेवला आहे, म्हणजे मागाहून तो बदलता येणार नाही. प्रत्येक मुलगी दोन सकाळी येईल, एकदा आनापान करील, एकदा नुसती डोळे मिटून बसेल. आधी काय करायचे हे चिठ्ठी टाकून ठरेल. बसण्यापूर्वी आणि नंतर छापील कागदावरील ठरावीक अक्षरे खोडण्याची साधी चाचणी, म्हणजे लक्ष किती टिकले तेही कळेल. रेघा वाचणार समुद्रपूरची, आणि कोणती रेघ कशाची हे तिला सांगितले जाणार नाही. जे निघेल ते पुढच्या स्मरणिकेत जसेच्या तसे छापू, असे अध्यक्ष महोदयांनी मला काल शब्द दिला आहे. फरक निघाला नाही तरी छापू, हेही त्यांनी सर्वांसमोर सांगावे अशी विनंती करतो. (अध्यक्षांनी मान डोलावली.) आभारी आहे.

नोंदीसाठी वसतिगृहाबाहेरच्या मुलीही हव्या आहेत. येत्या रविवारपासून पहाटे साडेपाच ते साडेसात, वसतिगृहाच्या ग्रंथालयात. आयांना माझे एकच सांगणे, आदल्या रात्री पोरीचे डोके धुऊन द्या आणि सकाळी निघताना सवयीने तेलाची बाटली हातात घेऊ नका. आणि समुद्रपूरची म्हैस व्यायली, वगार झाली. जयभीम.